एका खात्यातले दोन हात

पडद्यावर पाटी आली तेव्हा बशीर नदाफनं ती दोनदा वाचली, आणि मग खुर्ची फिरवून मालनबाईंकडं बघितलं.

"मोठ्या वहिनी, सिस्टीम म्हणतीया, या खात्यात दोन हात आहेत."

"मग? किती असायला पाहिजेत?" मालनबाई म्हणाल्या. "तिला सांग, चार असते तर मी देवळात बसले असते. इथं गेमिंग हॉल चालवत बसले नसते."

बशीर हसला नाही. गेली तीस वर्षं तो या घरातली मशीनं दुरुस्त करत होता. मालनबाईंच्या कुठल्या बोलण्यावर हसायचं आणि कुठल्यावर मान खाली घालायची, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आज त्याचं लक्षच पाटीवर होतं.

"तसे हात नव्हं वहिनी. खेळणारे हात. दोन माणसं खेळल्यात या खात्यावर."

मालनबाईंनी चष्मा पुसला. पुसायची काही गरज नव्हती.

जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत 'चौगुले गेमिंग'चा फलक आहे. आधी तिथं एसटीडीचा पिवळा डबा होता, मग सायबर कॅफे आला, मग हा हॉल. धंदे बदलले, गल्ल्यामागची बाई बदलली नाही. मालनबाई चौथी शिकलेल्या. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या बटणानं काय होतं हे त्यांनी गिऱ्हाइकांच्या खांद्यावरून बघून बघून शिकून घेतलं होतं. आता सदुसष्टाव्या वर्षी त्या साठीपुढच्या बायकांच्या गेमिंग स्पर्धेत सलग तीन वर्षं पहिल्या आल्या होत्या. तीन चषक गल्ल्यावर मांडलेले होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसले नाहीत तर मालनबाई फडक्यानं पुसायला घ्यायच्या.

खेळ एकच. 'उतार'. गुळाचा भरलेला ट्रक घाटातून खाली न्यायचा. चौतीस वळणं. ढेप हलली तर हलली, पण ट्रक कलंडता कामा नये. फार जुना गेम. काढणारी कंपनी कधीच बंद पडलेली.

आणि तो गेमही बंदच पडला असता. त्याचं असं झालं.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनचा कारभारी. गेम थेट मशीनशी बोलत नाही. तो कारभाऱ्याला सांगतो, आणि कारभारी मशीनकडून काम करून घेतो. पाच वर्षांपूर्वी जुना कारभारी गेला आणि नवा आला. नव्याला जुन्या गेमची बोली कळेना. देशोदेशीचे हजारो गेम एका रात्रीत मुके झाले. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कंपनीनं मधे एक दुभाष्या बसवला. जुना गेम बोलायचा, दुभाष्या ऐकायचा, नव्या कारभाऱ्याला समजावायचा. पण त्यात वेळ जायचा. पापणी लवायला लागतो त्याच्या निम्मा. तेवढ्यात घाटाच्या वळणावर ट्रकचं पुढचं चाक दरीत गेलेलं असायचं.

मग त्यांनी नवीच शक्कल काढली. सिस्टीम खेळणाऱ्याच्या बोटांवर पाळत ठेवू लागली. हा माणूस वळणाआधी कधी गिअर पाडतो, ब्रेक किती दाबतो, किती सोडतो. तीनशे खेळ बघितले, की तिला त्या माणसाचा हात पाठ व्हायचा. मग बोट बटणावर पडायच्या आतच ती अंदाज बांधून चित्र पुढं न्यायची. अंदाज बरोबर आला तर मधला वेळ कुणाला जाणवतच नसे. आणि बोट व अंदाज यात अगदी केसभर फरक पडला, तर सिस्टीम बोटाचं नाही, अंदाजाचं ऐकायची. नाहीतर पडद्यावरचा ट्रक सारखा हिसके खात राहिला असता. शहाण्या माणसांनी तेव्हाच विचारलं होतं, की मग खेळतंय कोण? पण गेम पुन्हा चालू झाले होते, आणि चालणाऱ्या गाडीला खीळ कोण घालणार?

चौगुल्यांच्या घरी एक चूक झाली, ती फक्त चौगुल्यांसारख्या घरीच होते. त्या घरात सगळं एका नावावर असायचं. गॅसचं कार्ड एक, डॉक्टरची फाईल एक, किराण्याची वही एक. नवी सिस्टीम आली तेव्हा धाकट्या जावेनं, वैजयंतानं, विचारलं होतं, "आक्का, मी माझं वेगळं खातं उघडू का?"

"वेगळं कशाला? आपण काय परक्या आहोत व्हय?" असं मालनबाईच म्हणाल्या होत्या.

मग वैजू आपली मोठ्या जावेच्या खात्यावर खेळायची. दुपारी दोन ते चार, हॉल रिकामा असताना. मालनबाई त्या वेळी पंख्याखाली आडव्या झालेल्या असायच्या. ती काय खेळते, कशी खेळते, हे बघायला त्या कधी उठल्या नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी वैजू आणि तिचा नवरा शिरोळ रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. वाटणी शांतपणे झाली. भांडी वाटली, कपाटं वाटली, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण इकडं राहिला आणि अन्नपूर्णा तिकडं गेली. खातं वाटायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"आता नवी आवृत्ती आलीया," बशीर सांगत होता, "ती मिसळलेले हात वेगळे करतीया. आजवर दोघींचा मिळून एकच हात समजत होती. आता नियम हाय, एक हात, एक माणूस. दाखवू का?"

"दाखव."

बशीरनं 'पहिला हात' दाबलं. पडद्यावर ट्रक आपोआप निघाला. सपाटीला सुसाट, वळण आलं की करकचून ब्रेक, पुन्हा सुसाट. हॉर्न तर सारखाच. सातव्या वळणावर ढेपा हिंदकळल्या, नवव्याला ट्रक दोन चाकांवर आला, आणि अकराव्याला मोठा आवाज करून दरीत गेला.

हा कोण, हे मालनबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. आरशात बघितल्यावर कुणी विचारत नाही.

बशीरनं 'दुसरा हात' दाबलं.

हा ट्रक हळू निघाला. वळण दिसायच्या आधीच गिअर उतरला. ब्रेक दाबला म्हणावा तर दाबला नाही, नुसता टेकवला, आणि वळणाच्या ऐन पोटात सोडून दिला. ट्रक पाण्यासारखा वळला. चौदावं वळण गेलं, वीस गेलं, तीस गेलं. एक ढेप जागची हलली नाही. खाली पोचल्यावर इंजिन बंद झालं.

"तीन वर्षं वळणावर हाच हात तुम्हाला सांभाळत होता, वहिनी," बशीर भाबडेपणानं म्हणाला. "तुमचा ब्रेक जरा उशिरा पडायचा, हा वेळेवर आणायचा. धाकट्या वहिनींचे खेळ किती जास्त झाल्यात बघा! म्हणून सिस्टीम त्यांच्याकडं कलायची."

बशीरला काय कल्पना, आपण कुठल्या जखमेवर मीठ चोळतोय.

वैजू लग्न होऊन आली तेव्हाची गोष्ट. पहिल्याच दिवशी तिनं पिठलं केलं, आणि सासूबाई बोटं चाटत म्हणाल्या, "मालन, शीक जरा." आठ वर्षं त्या घरात राबलेल्या मालनबाईंना त्या दिवशी 'शीक' ऐकावं लागलं. पुढं वैजूची रांगोळी सरळ, वैजूच्या पोरांची अक्षरं सरळ, वैजूनं लावलेली जाई भिंतीवर चढली आणि मालनबाईंची कुंडीत सुकली. ती कधी मिरवायची नाही, हे तर आणखीच वाईट. मिरवली असती तर तोंड तरी सोडता आलं असतं! एक चषक तेवढे मालनबाईंचे होते. वैजूचा ज्याला स्पर्श नाही असं घरात तेवढंच होतं.

आणि आता हे.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. आवाज सरळ ठेवला.

"सोपं हाय. धाकट्या वहिनींना बोलवा. दोघी आपापल्या हाताला अंगठा लावा, दोन खाती होतील. खातं तुमच्या नावावर हाय, म्हणून एकट्यानं पण लावता येतो, पण मग एकच हात निवडायचा. दुसरा पुसून जातो. बेवारशी हात सिस्टीम ठेवत नाही, कुणीही उचलून खेळवंल."

"जा, शेजारून दोन चहा सांगून ये."

"फोनवर सांगतो की."

"तो फोन उचलत नाही. जा."

बशीर गेला. मालनबाई पडद्यासमोर बसल्या. दोन चौकोन होते. एकात त्यांचा ट्रक दरीत पडलेला, एकात वैजूचा पायथ्याला उभा. सतरा वेळा विचार करणारी बाई नव्हती ती. त्यांनी दुसऱ्या चौकोनावर अंगठा ठेवला. पहिला चौकोन विझला.

बशीर चहा घेऊन आला, पडदा बघितला, आणि दोन्ही कप गल्ल्यावर ठेवून आपल्या वायरींकडं वळला.

बुधवारी वैजू आली. पदरानं मान पुसत, रिक्षातून उतरून थेट आत.

"आक्का, मशीन म्हणतंय मी चोर आहे."

"कुठलं मशीन?"

"घरी घेतलंय एक. मुलानं जुनंच आणून दिलं. मी माझं खातं उघडलं, चार-पाच खेळ केले, तर पाटी आली, हा हात दुसऱ्या नावावर नोंदलेला आहे. खातंच गोठवलं. सांगलीच्या स्पर्धेत नाव द्यायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला नोंदणी बंद होणार."

मालनबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "तू? स्पर्धेत?"

"साठ पूर्ण झाली की मागच्या महिन्यात."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही मला बोलला असता का?" वैजू इतक्या सौम्यपणे म्हणाली, की तो टोमणा आहे हे कळायला एक क्षण लागला.

"तुला कशाला पाहिजे गं स्पर्धा? घर आहे नवं, गॅलरी आहे, नातवंडं आहेत. जिथं तिथं आपलं पुढं पुढं."

"पुढं कधी आले मी, आक्का?" वैजूनं विचारलं. "सदतीस वर्षं मागच्या खोलीतच होते की." तिनं गल्ल्यावरच्या चषकांकडं बघितलं, मग पडद्याकडं. "माझा हात कुणाच्या नावावर गेला असंल?"

"मला काय माहीत? त्या सिस्टीमला विचार. आम्ही काय तिचे मामा लागतो?"

वैजू बघत राहिली. ती बावळट कधीच नव्हती. "बरं," म्हणाली. "येते मग." आणि चहाही न घेता निघाली. या घरातून ती चहा न घेता गेली, असं आजवर झालं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी गल्लीतली माणसं जमली. दरवर्षी स्पर्धेआधी मालनबाई एक खेळ सगळ्यांसमोर करून दाखवायच्या. तो जणू गल्लीचा रिवाजच झाला होता. मागच्या बाजूला शेंगा फोडत बायका बसल्या होत्या.

मालनबाईंनी ट्रक काढला. बोटं आपल्या सवयीनंच चालली. वळणाला ब्रेक उशिरा पडला, पण पडद्यावर तो वेळेवर पडला. गिअर त्यांनी उतरवायच्या आधी उतरला. पूर्वी दोन्ही हात मिसळलेले असताना वळणावळणाला थोडी ओढाताण व्हायची, आता ती नव्हती. बोटांनी कुठं जायचं ते सांगायचं, कसं जायचं ते तिकडं ठरायचं. विसाव्या वळणावर त्यांनी मुद्दाम ब्रेक जरा जोरात दाबला. काही फरक पडला नाही. ट्रक आपला ऐटीत वळला, बाईनं पदर सावरावा तसा.

चौतीस वळणं! आजवरचा सगळ्यात चांगला उतार. माणसं उभी राहिली.

"आक्का, काय हात आहे तुमचा!" समोरची दूधवाली पाटलीण ओरडली. "सोन्याचा हात!"

टाळ्यांच्या त्या गजरात मालनबाई खुर्चीवर बसून होत्या, आणि त्यांच्या अंगाची आग आग होत होती. हे कौतुक वैजूचं. ही गल्ली वैजूसाठी उभी राहिलीय. रविवारी सांगलीत हजार माणसं उभी राहतील, तीही वैजूसाठीच. चषक येईल, तो गल्ल्यावर मांडला जाईल, आणि रोज सकाळी फडकं घेऊन वैजूचा चषक कोण पुसणार? मालन पुसणार! वैजूला हरवण्यासाठी त्यांनी तिचा हात उचलला होता, आणि आता ती त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्याच नावानं, त्यांच्या मांडीवर बसून जिंकत होती. मग मालन चौगुले गेली कुठं? ती तर सोमवारी पुसली गेली. आपल्याच अंगठ्यानं.

आयत्या बिळात नागोबा व्हायला गेलं, की असं बिळाचं होऊन राहावं लागतं.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला मालनबाई बशीरला घेऊन शिरोळ रोडला गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट बंद. वैजूनं दार उघडलं. आत या म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली.

"तुझा हात मी घेतला होता," मालनबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "परत द्यायला आलेय. पाचाच्या आत उरकायचंय. मशीन कुठंय?"

"माहीत होतं मला."

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का बघत होते." वैजूनं दार लावून घेतलं. "आक्का, मी तुमच्याकडं नवरा मागितला नाही, घर मागितलं नाही. दुपारचे दोन तास मागितले. तेवढेच माझे होते. तेही तुम्ही अंगठा लावून घेतलेत?"

बशीर भिंतीकडं बघून वायर सोडवत होता. सुटलेलीच वायर.

"घेतले," मालनबाई म्हणाल्या. "जळले मी तुझ्यावर. आजच नाही. तू पिठलं केलंस त्या दिवसापासून. आता बसतीस का खुर्चीत?"

हात परत करायचा तर मालनबाईंचा अंगठा पाहिजे, आणि वैजूनं अंदाज बंद ठेवून तीन उतार करून दाखवायचे, म्हणजे सिस्टीमला खूण पटते. अंदाज बंद म्हणजे मधला तो अर्ध्या पापणीचा उशीर आला. वैजू पहिल्या खेळाला बावचळली, तेराव्या वळणाला ट्रक गेला. दुसऱ्याला तिनं उशीर जमेस धरला आणि सगळंच थोडं आधी करायला लागली. मालनबाई तिच्या खुर्चीमागं उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिला खेळताना कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक वळणाआधी वैजूचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतीस गं?"

"ट्रकला सांगते. सावकाश बाबा, मागं माल आहे."

"ट्रकला?"

"दुसरं कोण होतं दुपारी बोलायला?"

तिसरा उतार सुरू झाला.

पाचाला दहा मिनिटं असताना हिरवी खूण आली. वैजयंता चौगुले, एक खाते, एक हात. बशीरनं घाईनं तिचं नाव स्पर्धेत घातलं आणि घाम पुसला. मग चाचरत म्हणाला, "मोठ्या वहिनी, तुमचं नाव काढू का? तुमचा हात पुसलाय. आता कोऱ्या हातानं खेळावं लागंल. अंदाज नाही, काही नाही. उशीर तेवढा मिळंल."

"राहू दे नाव."

"आक्का, शोभा होईल," वैजू म्हणाली. तिच्या आवाजात दया होती, आणि ती मालनबाईंना शिवीपेक्षा जास्त झोंबली.

"माझी शोभा माझी मी करीन. तू मला हरव म्हणजे झालं. तीन वर्षं तू माझ्यासाठी जिंकलीस. मला एकदाही हरवलेलं नाहीस."

वैजूनं क्षणभर विचार केला. "हरवणार मी तुम्हाला," ती म्हणाली. "सोडणार नाही."

"सोडलंस तर बघ."

रविवारी सांगलीच्या मंगल कार्यालयात सव्वीस बायका रांगेनं मशीनसमोर बसल्या. नऊवारीतल्या होत्या, पंजाबी ड्रेसमधल्या होत्या, एक तर टोपी उलटी घालून आली होती. मालनबाईंची खुर्ची सोळावी, वैजूची सतरावी. आयोजकांनी चौगुले-चौगुले शेजारी बसवल्या होत्या.

शिट्टी झाली. मालनबाईंचं बोट आधी आणि ट्रक मग, असं चाललं. पहिल्या वळणाला त्यांनी सवयीनं करकचून ब्रेक दाबला, तो उशिरा लागला, आणि ट्रक कठड्याला घासून गेला. कुणी सावरायला नव्हतं. दुसऱ्याला ढेप पडली. तिसऱ्यापासून त्यांनी सपाटीचा वेग सोडला. आयुष्यात पहिल्यांदा सोडला. चौथं, पाचवं, सहावं. प्रत्येक वळण त्यांचं त्यांना कमवावं लागत होतं, मनगट दुखत होतं. आठव्याला ट्रक कलला, हवेत थांबल्यासारखा झाला, आणि मग सगळा गूळ घेऊन दरीत गेला.

सव्वीस जणींत त्या चोविसाव्या आल्या. समोरच्या रांगेतून जयसिंगपूरची माणसं एकमेकांकडं बघत होती. सोन्याचा हात म्हणणारी पाटलीण पिशवीत काहीतरी शोधत होती.

मालनबाईंनी मान वळवली. शेजारच्या पडद्यावर ट्रक अजून चालला होता. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. वैजूचे ओठ हलत होते. तिसाव्या वळणावर मागचं चाक घसरलं, आणि मालनबाईंच्या मनात आलं, पडो. खरंच आलं, त्याची त्यांना लाजही वाटली नाही. ट्रक पडला नाही. चौतिसावं वळण गेलं आणि कार्यालय टाळ्यांनी दणाणलं.

लोक वैजूकडं धावले. हार, फोटो, माईक. त्या गर्दीतून वैजूनं मान उंच करून सोळाव्या खुर्चीकडं बघितलं.

"तिसाव्याला घसरलीस," मालनबाई मोठ्यानं म्हणाल्या. "बघितलं मी!"

"घसरले," वैजू म्हणाली. ती हसत होती, आणि ते हसू जराही सौम्य नव्हतं. "तुम्ही आठव्यालाच गेलात."

तिच्या तोंडून असलं बोलणं मालनबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. पोटात असा जाळ उठला म्हणता! पण या वेळी त्या जाळाला धूर नव्हता. त्या उठल्या आणि दारापाशी मांडलेल्या टेबलाकडं निघाल्या. तिथं पुढच्या वर्षीचे अर्ज ठेवले होते. बशीर मागून पळत आला.

"द्या वहिनी, मी भरतो. तुम्ही नुसता अंगठा लावा."

"सरक तिकडं. अंगठा लावून बघितलाय मी. पेन दे."

मागं वैजूचं नाव पुकारलं जात होतं. मालनबाईंनी खुर्ची ओढली, कागद सरळ केला, आणि दात ओठांवर दाबून, चौथीत शिकल्यासारखं, आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढायला घेतलं.